मागाचा पट्टा

सोलापूरहून निघालो आणि मोहोळच्या अलीकडं माझा ट्रक बंद पडला. मागं द्राक्षं, वर ऊन. डिझेल फिल्टर चोंदला होता. नवा जवळ होता, पण जुना हलेना. पेचकस त्यात आरपार ठोकणार, एवढ्यात मोपेडवरचा एक पांढऱ्या मिशांचा माणूस थांबला. "ठोकू नका. पत्रा फाटंल, बूड तितंच ऱ्हाईल."

त्यानं पिशवीतून लोखंडी नळी काढली. तिला यंत्रमागाचा जुना पट्टा जोडलेला होता. पट्टा फिल्टरला गुंडाळत म्हणाला, "तीस वर्सं माग चालवला. पट्ट्याची पकड हाताला कळती की." नळी जराशी फिरवली, कट् आवाज झाला आणि फिल्टर सुटला. मी चक्क टाळी वाजवली.

नवा त्यानं नुसत्या हातानं बसवला. मी पट्टा पुढं केला, तर मान हलवली. "ह्यो फक्त काढायला. मागच्या बारीला कुण्या गाढवानं पान्यानं आवळलाय."

डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढली, चावी फिरवली, इंजिन धडधडलं. त्या आनंदात मी खिडकीतून ओरडलो, "ते गाढव मीच."

"म्हाईत हाय," तो मोपेडला किक मारत म्हणाला. "दुसऱ्याच्या ट्रकसाठी कोण एवढा जोर लावतंय?"