दोनशे वर्षांचं रताळं

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी चांगलीच फजिती आहे.

बेळगुंदीच्या पुढं, सीमाभागात आमचं गाव. लाल माती, पावसावरची शेती आणि रताळी. एम.ए.ला इतिहास घेतला. प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांनी राजे घेतले, किल्ले घेतले. मी रताळं घेतलं. आमच्या भागात रताळ्याचं पीक कधी आलं, कसं वाढलं, हा विषय. वर्ग हसला. मार्गदर्शक मॅडम धारवाडकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या. त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "रताळ्याला इतिहास आहे हे मला पुराव्यानं दाखवायचं. पुरावा नसेल तर भाजी कर."

पहिलं प्रकरण होतं, रताळं इथं आलं कधी. मी विद्यापीठाच्या वाचनालयात संगणकासमोर बसले आणि पहिल्याच दुपारी उत्तर मिळालं. एका इंग्रजी पर्यटनाच्या संकेतस्थळावर होतं, दोनशे वर्षांपूर्वी गोव्याहून आलं. कन्नडमध्ये शेतीचं एक संकेतस्थळ होतं, तिथंही तेच. हिंदीत तेच. मराठी बातम्यांच्या एका संकेतस्थळावरही तेच.

चार भाषा वाचता येणं आमच्याकडं काही मोठं नाही. बसची पाटी कन्नड, घरातला पेपर मराठी, पिक्चर हिंदी, परीक्षा इंग्रजी. त्यामुळं मला वाटलं, चार भाषांतली चार माणसं एकच गोष्ट सांगतायत, मग शंका कसली? त्यात आमच्या सीमाभागात मराठी आणि कन्नड माणूस एखाद्या गोष्टीवर एकमतानं बोलले, तर ती खरीच असणार. मी आनंदानं अठरा पानं लिहून काढली. दोनशे वर्षांत काय काय बदललं असेल, सगळं लिहिलं.

तेव्हा घरात आक्काच्या लग्नाचं चाललं होतं. स्थळ मच्छेच्या कारखान्यात कामाला होतं. माझ्या वडिलांचा, आप्पांचा चुलतभाऊ, म्हणजे माझा काका, चौकशी करून आला आणि खुशीत सांगू लागला, "चौघांना इचारलं. चौघंबी म्हणत्यात, पोरगा लई गुणी."

आप्पांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "चौघं कोण कोण?"

"एक त्याचा मामा, एक मामाचा मेव्हणा, एक..."

"मग चौघं कुठलं रं? एकच मामा चार तोंडानं बोलला. जा, कारखान्याच्या गेटवरच्या पानवाल्याला इचारून ये."

काका पुटपुटला, "दोघींचं एकाच मांडवात उरकू म्हणलं तर ह्यांची चौकशीच संपंना." दोघी म्हणजे आक्का आणि मी. माझंही लग्न काकानं परस्पर ठरवून टाकलं होतं. प्रबंध वेळेत झाला आणि हातात एम.ए. आलं, तर मी नोकरीचं बोलू शकणार होते. वर्ष वाया गेलं तर मला कुणी विचारणारही नव्हतं.

मी ताटात भात कालवत होते, पण हात थांबला. माझे चौघं कोण कोण आहेत, हे मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परत वाचनालयात. आता पान वाचलं नाही, खालचं वाचलं. कोण लिहितं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं. पर्यटनवाल्यांकडं लेखकाचं नावच नव्हतं. हिंदीवाल्यांनी इंग्रजीवरून उचललं होतं, मराठीवाल्यांनी हिंदीवरून. कन्नड लेख मात्र सविस्तर होता. त्यात होतं, पहिला वेल गावातल्या एका विहिरीच्या काठावर, फणसाच्या झाडाखाली लावला होता.

फणसाखालची विहीर. ती तर आमच्या परड्यातली.

कन्नड लेखानं आधार म्हणून एका खुल्या ज्ञानकोशातलं पान दिलं होतं, कुणीही येऊन लिहावं असा तो ज्ञानकोश. पान आमच्या गावाचं. त्या पानाचा जुना इतिहास उघडला की कोणत्या दिवशी कुणी काय लिहिलं ते दिसतं. मी उघडला. रताळ्याचा परिच्छेद बी.ए.च्या पहिल्या वर्षी, महाविद्यालयाच्या संगणक कक्षातून एका विद्यार्थिनीनं लिहिला होता.

ती मी.

सरांनी तेव्हा प्रत्येकाला आपापल्या गावावर लिहायला लावलं होतं. मी बस चुकू नये म्हणून घाईत लिहिलं होतं. काका एकदा रताळी सोलताना बोलला होता, "गोव्याकडनं आलेलं म्हणत्यात, लई वर्षं झाली." त्या 'लई'ची दोनशे मी केली होती. विहीर आणि फणस शोभेला घातला होता. माझंच खोटं चार भाषा शिकून, शहाणं होऊन, माझ्याकडं परत आलं होतं आणि मी त्याला पुरावा म्हणून पाटावर बसवलं होतं.

मी लगेच ते वाक्य काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी बघते तर कुणीतरी परत घातलेलं. खाली कारण दिलं होतं, 'या माहितीला चार संकेतस्थळांचा आधार आहे.' तेव्हा रडावं की हसावं कळेना.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. खरं सांगते, एक दिवस गप्प बसलेही. मग मॅडमसमोर जाऊन सगळं सांगून टाकलं.

"अय्यो!" त्यांनी कपाळाला हात लावला. "चार भाषा शिकलीस आणि चारही भाषांत स्वतःलाच फसवलंस!"

"प्रकरण काढून टाकू का मॅडम?"

"काढू नको. कुणी लिहिलं, कुणी उचललं, कसं पसरलं, ते सगळं लिही. आणि मग खरं काय ते शोध. नेटवर नको. कचेरीत जा."

मी कचेरीत गेले. जमिनीच्या उताऱ्यावर पिकाचा रकाना असतो, हे शेतकऱ्याच्या पोरीला सांगावं लागत नाही. अवघड होतं ते जुने उतारे काढून घेणं. तिथले कारकून म्हणाले, "उद्या या." मी उद्या गेले. "साहेब न्हाईत." परवा गेले. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "बाई, रताळ्यासाठी कुणी एवढ्या चकरा मारतं व्हय?" आणि स्वतःच फडताळावर चढले.

अलीकडचे उतारे कन्नडात, त्याआधीचे मराठीत. मला दोन्ही येत होतं. तीन गावांचे उतारे एकमेकांशी ताडून बघितले. तिन्ही वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले, एकानं दुसऱ्याचं बघून लिहायचा प्रश्नच नव्हता. मागं मागं जात आमच्या पणजोबांच्या नावापर्यंत पोचले. त्यांच्या नावापुढं, पिवळ्या पडलेल्या कागदावर, पिकाच्या रकान्यात लिहिलं होतं, रताळी. कारकुनांनाही दाखवलं. तेही वाकून बघायला लागले.

त्याच्या मागं कागद नव्हते. मी प्रबंधात लिहिलं, 'यापूर्वीचे निश्चित सांगता येत नाही.' सबंध प्रबंधात लिहायला सगळ्यात जड गेलेलं वाक्य ते, आणि आज सगळ्यात आवडतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कोल्हापूरकडचे, मोठे अभ्यासक. त्यांनी बहुधा पूर्ण प्रबंध वाचलेला नव्हता. पहिलाच प्रश्न टाकला, "अहो, रताळं दोनशे वर्षांपूर्वी गोव्याहून आलं, हे सगळीकडं आहे. तुम्ही 'निश्चित सांगता येत नाही' म्हणता! नेट तरी बघायचं."

"बघितलं सर. ते मीच लिहिलंय."

"म्हणजे?"

मी पानांच्या छायाप्रती टेबलावर मांडल्या. माझा परिच्छेद, त्याची तारीख. मग कन्नड, इंग्रजी, हिंदी, मराठी, प्रत्येकाची तारीख माझ्यानंतरची. शेवटी फणस आणि विहिरीचा फोटो. पुढं उताऱ्यांच्या प्रती.

सर बराच वेळ कागद वरखाली करत राहिले. मग चष्मा काढून मॅडमकडं बघितलं. "मी मागं एका भाषणात हे दोनशे वर्षांचं ठोकून दिलंय हो."

मॅडम म्हणाल्या, "मग आता तुम्ही पण तिच्या पहिल्या प्रकरणात."

सर मोठ्यानं हसले. पुढचा पाऊण तास त्यांनी मला एकही अडवायचा प्रश्न विचारला नाही. विचारलं ते शिकायला विचारल्यासारखं. शेवटी माझ्या प्रबंधावर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'छापण्याजोगा'.

बाहेर येऊन मी घरी फोन लावला. आप्पांनी उचलला. मी ओरडूनच सांगितलं, "आप्पा, झालं! छापा म्हणालं!"

पलीकडं आप्पा घरातल्यांना सांगताना ऐकू आले, "पोरगी एम.ए. झाली. आता तिच्या लग्नाचं कुणी काढायचं न्हाय, तिला इचारल्याबिगर."

प्रबंध छापला. विभागाच्या कपाटात आहे, कुणीही मागून वाचावा. प्रत्येक पानाखाली आधार आहे, आणि माझी चूक पहिल्या प्रकरणात माझ्याच नावानं आहे. आणखी एखादी सापडली तर जरूर सांगा. फक्त कागद घेऊन या.