कॅलेंडरचा खिळा

दहिवलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसलं, की दारातल्या चपलांसारखे किस्से साचतात. कुठला कोणाचा, तेही नंतर कळत नाही.

मी सासूबाईंना, म्हणजे आईंना, घेऊन जाते. बाकावरच्या सगळ्यांचा आजार एकच. वयामुळे डोळ्याचा पडदा मधोमध झिजलेला. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं धूसर.

पहिल्याच भेटीत आईंनी विचारलं, "हाय तेवढं तरी राहील ना?"

भिंतीवरचा मुलाचा फोटो दिसत राहावा, एवढंच त्यांचं मागणं. मुलगा म्हणजे माझे यजमान. गेल्या पावसाळ्यात गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झिजलेलं परत येत नाही. उरलेलं टिकायला हिरवा पाला, अंड्याचा बलक यांची मदत होऊ शकते. खात्री नाही.

तेव्हापासून आमच्या परसातला शेवगा बोडका आहे. शेजारीण शेंगांची वाट बघून थकली.

*

बाकावरच्या इस्माईलभाईंचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांनी बलकाचं फारच मनावर घेतलं. घरात अंडं उकडलं, की पिवळं भाईंचं, पांढरं बायकोचं.

पुढच्या तपासणीला डोळा होता तसाच. "बीबी मात्र पैलवान झाली," भाई म्हणाले.

*

खालापूरकडच्या दत्तूकाकांचा झेंडूचा मळा. डोळ्यांच्या गोळीतलं पिवळं द्रव्य झेंडूतूनही काढतात, असं डॉक्टरीणबाई बोलून गेल्या. काकांनी गोळी घेतलीच नाही, पाकळ्या थेट आमटीत टाकायला लागले.

काकूंनी शेवटी हात जोडले. "देवाच्या गळ्यातला तरी सोडा."

*

समोरच्याचं तोंड दिसावं म्हणून इस्माईलभाईंनी युक्ती काढली. गिऱ्हाइकाच्या कानाकडे बघायचं. तोंड कडेला येतं आणि दिसतं.

गिऱ्हाइकं कान चाचपायला लागली. एक बाई तर कुडी सैल झाली समजून पातेलं तिथंच ठेवून सोनाराकडे गेल्या!

सगळा बाक हसला. आई तेवढ्या हसल्या नाहीत. भाईंना म्हणाल्या, परत सांगा, कुठं बघायचं?

*

जानेवारीत मी जुनं कॅलेंडर उतरवलं. यांच्या फोटोला अगदी खेटून होतं ते. नवं स्वयंपाकघरात लावावं म्हणून खिळा उपटायला पक्कड घेतली.

आई खाटेवरून म्हणाल्या, "खिळा ऱ्हाऊ दे गं. नवं बी तिथंच लाव. तारखांकडं बघितलं, की हा दिसतो."