नसलेल्या जावयाची गाडी

सगळा दोष दत्तामामाचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी "जाऊ दे रे, मोठं माणूस आहे, मनानं चांगलं आहे" असं म्हणायला नको. मनानं चांगली असलेली माणसंच आमच्या घरात जास्त तकलीफ देतात!

असले किस्से जमवावे लागत नाहीत. घरात एक कामाची गोष्ट काढायची, तिच्याभोवती त्यातलं काही न कळणारी चार मोठी माणसं बसवायची आणि चहा टाकायचा. किस्से आपोआप साचतात. आमच्याकडं कामाची गोष्ट होती ताईची पहिली मोटारसायकल.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण मनीषा. आमच्या कुरुंद्याच्या भागात शेतकऱ्यांची एक हळदीची कंपनी आहे, तिथं तिला फिरतीचं काम मिळालं. गावोगाव जायचं, हळदीचे प्लॉट बघायचे, पानावर करपा आला का, कंद सडायला लागला का, ते शेतकऱ्याला सांगायचं. अट एकच. रुजू व्हायच्या दिवशी स्वतःची मोटारसायकल पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याला. स्कूटी चालणार नव्हती. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात स्कूटीचं चाक असं भरतं की ती चालवायची नसते, बैलासारखी ओढायची असते.

पैसे ताईचे, नोकरी ताईची, पाय ताईचे. पण गाडी कोणती घ्यायची ते ठरवणार दत्तामामा! मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जवळा बाजारला राहतो. आमच्या घरात टीव्हीपासून म्हशीपर्यंत सगळं त्याला विचारून येतं. पहिल्याच बैठकीत त्यानं अण्णांना, म्हणजे आमच्या वडलांना सांगितलं, "दाजी, गाडी अशी घ्या की उद्या जावयाला चालली पायजे."

आता, जावई कोण? ताईचं लग्न ठरलेलं नव्हतं. साधं स्थळसुद्धा आलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "मामा, मग जावयालाच विचारून घेऊ की. थांबू चार-पाच वर्षं."

"तू गप रे. कॉलेज सोडलेल्यानं अक्कल शिकवू नये."

नांदेडला डिप्लोमा करत होतो, दुसऱ्या वर्षाला सोडला. तेव्हापासून घरात माझं काहीही बरोबर निघालं तरी ते चूकच असतं.

*

ताई गिअरची गाडी शिकली माझ्या जुन्या खटाऱ्यावर, शाळेच्या मैदानात. अण्णा कडेला हात मागं बांधून उभे राहायचे. ते स्वतः आयुष्यात सायकलच्या पुढं गेलेले नाहीत, पण थाट असा की जणू लायसन तेच देणार!

एक दिवस वळवताना गाडी बंद पडली. अण्णांना तेवढंच पाहिजे होतं.

"मी म्हणत होतो का न्हाई? बाईमाणसाला गिअर कळत न्हाईत!"

ताईनं हेल्मेटची काच वर केली. "अण्णा, हळद काढायच्या टायमाला आपला ट्रॅक्टर कोण चालवतं?"

"तू."

"मग त्याला गिअर नसतात का?"

अण्णांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "ते शेतातलं काम हाय."

घ्या! घरच्या रानात राबायचं असलं की पोरगी ट्रॅक्टरवर बराबर चालते. स्वतःच्या कामाला निघाली की लगेच तिला क्लच जड जातो!

*

वसमतच्या शोरूमला आम्ही जीप करून गेलो. अण्णा, मामा, अण्णांचे पत्त्यातले दोघं दोस्त आणि मी. ताईला मागं स्टेपनीशेजारी जागा मिळाली.

शोरूममधला पोरगा हुशार होता. त्यानं आधी विचारलं, "गाडी चालवणार कोण?"

"घरचंच माणूस हाय," मामा म्हणाला.

"हाइट सांगता का? म्हणजे सीट त्या हिशोबानं दाखवतो."

"पाच फूट नऊ!" मामानं ठोकून दिलं.

ताई पाच फूट एक. त्या पोरानं आमच्यावरून एकदा नजर फिरवली. पाच फूट नऊ आमच्यात कुणीच नव्हतं.

"साहेब आलेत का सोबत?"

"न्हाई."

"बाहेरगावी असतात?"

"अजून सापडले न्हाईत," मामा म्हणाला. "पण बुटका आमी बघणारच न्हाई!"

पोरगा पाणी आणतो म्हणून जो आत गेला, तो दुसऱ्याच माणसाला पाठवून मोकळा झाला.

*

मामाला पसंत पडली ती गाडी शोरूममधली सगळ्यात उंच आणि सगळ्यात जड होती. टाकी अशी फुगलेली की ताईला पलीकडचं दिसेना. "बस, बस, सवय होती," असं म्हणून मामानंच तिला वर बसवलं.

ताईचे दोन्ही पाय एकदम जमिनीला लागत नव्हते. डावा टेकवला की उजवा लोंबकळायचा. तिनं ते सांगितलं. मामा म्हणाला, "चालू गाडीत पाय खाली कोण टेकवतं?"

तेवढ्यात स्टँड निघाला, गाडी कलली आणि ताईला घेऊन आडवी झाली.

अण्णा धावले, मामा धावला, पत्तेवाले दोघंही धावले. चौघांनी मिळून गाडी उचलली. ताई तशीच फरशीवर!

"टाकीला लागलं का बघा आधी!" मामा ओरडला.

"टाकीला न्हाई लागलं मामा," ताई खालून म्हणाली. "गुडघ्याला लागलं."

मामानं तरी टाकीवरून दोनदा हात फिरवला.

*

मग लग्नाची एक दाट तिथी आली. घरातली सगळी पुरुषमंडळी लग्नाला जेवायला गेली. ताईनं आईच्या शिलाई मशीनमधला टेप घेतला, मला म्हणाली, "काढ तुझा खटारा," आणि आम्ही दोघं परत त्याच शोरूमला.

या वेळी तिनं रंग विचारला नाही, पिकअप विचारला नाही. टेप घेऊन एकेका गाडीच्या सीटची उंची मोजत सुटली. हेल्मेट घालून एकेकीवर बसली. दोन्ही टाचा टेकतात का ते बघितलं. उतरून गाडी मागं ढकलून बघितली, कारण बांधावर पुढं घातलेली गाडी मागं घ्यायला कुणी येत नसतं. शेवटी एका सव्वाशे सीसीच्या गाडीपाशी थांबली.

"ही जरा पाडा."

तोच तो पोरगा होता. त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय करू?"

"आडवी पाडा. मला एकटीला उचलता येती का बघायचंय."

"ताई, नवी गाडी आहे!"

"मग जुनी पाडा. वजन तेवढंच असंल ना?"

शेवटी मागं सर्व्हिसिंगला आलेली तसलीच एक गाडी त्यांनी पोत्यावर आडवी केली, मालकाची माफी मनातल्या मनात मागून. ताईनं हँडल एका बाजूला वळवलं, गाडीकडं पाठ केली, गुडघ्यात वाकली आणि पाठीच्या जोरावर गाडी उभी केली. सर्व्हिसिंगच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"हीच द्या," ताई म्हणाली.

आम्ही निघताना शोरूमच्या पोरानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ते पाच फूट नऊ मिळाले का हो?"

*

नवी गाडी दारात बघून अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलायला कारण मिळालं. ताई पाना घेऊन मागच्या चाकाजवळचं साडीगार्ड काढत होती. त्यात चिखल अडकतो म्हणून.

"ते काढू नको. बाईमाणसाची गाडी हाय. साडी अडकंल."

"अण्णा, बाईमाणूस पुढं बसून राहिलंय, पँट घालून. मागं साडी नेसून तुमी बसणार का?"

मी हसलो. अण्णा माझ्याकडं बघून राहिले, म्हणजे ताईच्या बोलण्याची बोलणी मला बसणार होती. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

"मी बसणार हाय मागं. राहू दे ते."

गाडी घ्यायची चर्चा महिनाभर चालली. जीप भरून माणसं बघायला गेली. आणि त्या सगळ्यात आईनं गाडीबद्दल काढलेला हा पहिला शब्द. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी पण नाही.

ताईनं बोल्ट परत घट्ट केले.

*

हात बसावा म्हणून ताई रोज गाडी काढायची. आमच्या गल्लीतले तात्या हॉटेलवर बसून सांगायचे, "पोरगी गाडीवर फिरली की स्थळं येत न्हाईत." दिवसभर हेच.

बाजाराच्या दिवशी तात्यांची एसटी चुकली. मग मात्र, "मने, जवळ्याला चाललीस ना? सोड की मला." ताईनं घेतलं मागं. मी माझ्या गाडीवर सोबत होतो.

निम्म्या वाटेत तात्या तिला म्हणाले, "गाव यायच्या अलीकडंच उतरव बरं का. पोरीच्या मागं बसलेला लोकांनी बघितला तर काय म्हणतील?"

ताईनं तिथंच गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना नुसतं सोयाबीन.

"काहून थांबलीस?"

"उतरा तात्या. इथं कुणीच बघत न्हाई."

*

रुजू व्हायचं होतं सोमवारी. रविवारी दत्तामामानं स्थळ आणलं! कुणाला न विचारता, न सांगता. मुलगा आणि त्याचा बाप काळीपिवळीतून कोंबून आले. मामा आपल्या गाडीवर आला. ही गाडी त्याचा जीव की प्राण. घेऊन वर्षं झाली तरी सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक काढलेलं नाही, आणि मला भाचा असून पाच मिनिटं कधी दिली नाही. त्यानं ती अंगणात ताईच्या गाडीशेजारी लावली, आत येऊन चावी टीपॉयवर ठेवली.

पोहे आले. ताई साडी नेसून पदर घेऊन बसली, नाव-गाव-शिक्षण झालं, ती आत गेली. मुलाच्या बापाची नजर मात्र अंगणातच.

"ती नवी गाडी पोरीची का?"

"पोरीची कशाची?" मामा हसला. "ती जावयाचीच धरा! म्हणजे तुमचीच."

"लग्नात देणार म्हणता?"

"लग्नाची वाट काहून बघता? गाडीचा काय विषय हाय, आजच घेऊन जा! दत्ताचा शब्द हाय."

आता, हे असं बोलायची आमच्याकडं पद्धत आहे. एकानं "घेऊन जा" म्हणायचं, दुसऱ्यानं "छे छे, असं कसं" म्हणायचं, आणि दोघांनी चहा प्यायचा. सगळ्यांना माहीत असतं.

मुलाचा बाप "छे छे" म्हणाला नाही. म्हणाला, "बरं झालं बुवा. येताना काळीपिवळीत लई हाल झाले."

मामानं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी मामाकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ताईला गाडीसकट हजर व्हायचं होतं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी अण्णांनी आवाज दिला, "मने, चावी घेऊन ये."

मी उठलो. "अण्णा, डोकं ठिकाणावर हाय का?"

"तू बस खाली! पाव्हण्यांसमोर मामाचा शब्द खाली पाडतो का?"

ताई बाहेर आली. हातात काही नव्हतं. ती टीपॉयपाशी थांबली, पोह्याच्या बशीशेजारची चावी उचलली, पदरानं पुसली आणि दोन्ही हातांनी मुलापुढं धरली.

"मामाचा शब्द हाय. घेऊन जा. ती डावीकडची, प्लास्टिकवाली."

मामानं तोंड उघडलं.

"मामा म्हणजे दिलदार माणूस!" मुलाचा बाप म्हणाला. "असा मामा पायजे!"

सगळे मामाकडं बघून राहिले. मामानं तोंड मिटलं. आईनं आतून विचारलं, "दत्ता, अजून पोहे टाकू का रे?"

मुलानं गाडी चालू केली, बाप मागं बसला, आणि दोघं गेले.

सोमवारी ताई वेळेच्या आधी रुजू झाली. मंगळवारी तिनं स्थळाला नकार कळवला. बुधवारी मामानं त्यांना फोन केला. ते म्हणाले, "लग्नाची वाट बघू नका असं तुमीच तर म्हणालात."

दत्तामामाची गाडी गेली. सध्या तो एसटीनं येतो.