हमीदचाचांचा स्पॅनिश चाकू

हमीदचाचांचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, अल् खुवैरच्या ऑफिसात नकाशे तपासत बसलो होतो. "महिनाअखेर मी इथलं खलास करून घरी चाललोय," ते म्हणाले. "शिकायचं असेल तर आता ये. नंतर मला विचारू नको."

चाचा मूळचे रत्नागिरीच्या खाडीकाठचे. सलालाहच्या सनायात, म्हणजे गॅरेजं आणि वर्कशॉपं असलेल्या भागात, तीस वर्षं फिटर. दहा वर्षांपूर्वी मी तिथे एका साइटवर होतो, तेव्हा त्यांनी खिशातून एक घडीचा चाकू काढून मला दाखवला होता. बंदरात अडकून पडलेल्या बोटीवरच्या स्पॅनिश खलाशाचा चाकू त्यांनी एकदा दुरुस्त केला होता. तो खोलला तेव्हाच त्याची सगळी रचना त्यांनी कागदावर उतरवून घेतली आणि मग स्वतः तसा बनवला. नवाहा म्हणतात त्याला. मी रुवीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत हौसेने छोटे चाकू बनवतो, पण घडीचा मला कधी जमला नव्हता. मी रजा टाकली.

रुवीहून सकाळची बस घेतली. तिकीट आठ रियालच्या आसपास, प्रवास बारा तासांचा. जाणार असाल तर पातळ चादर जवळ ठेवा, एसी फार बोचतो. निझवा मागे पडलं की रस्ता सरळ होतो आणि मग तासन् तास सरळच राहतो. हैमाच्या थांब्यावर मल्याळी हॉटेलात परोठा, डाळ आणि चहा दीड रियालात होतो. थुमरैतनंतर बस डोंगर उतरू लागली तेव्हा खरीफची, म्हणजे इथल्या पावसाळ्याची, हिरवळ पार करपलेली दिसली. मागच्या सीटवरच्या मुलीने विचारलं, "मम्मा, ग्रीन कुठे आहे?"

"उशीर झाला आपल्याला," आई म्हणाली.

सनायाजवळच्या साध्या लॉजमध्ये नऊ रियालला खोली मिळाली. खरीफ संपला की सलालाहमध्ये भाडी निम्म्यावर येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांना वर्कशॉपात गाठलं. त्यांचा उजवा हात थरथरत होता. चहाचा ग्लास ते डाव्या हाताने धरत होते.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, वाढत जाणार. अर्बाब, माझा मालक, भला माणूस, म्हणून इतके दिवस ठेवलं. डोकं माझं, हात तुझे. एक चाकू करू. तो मी घरी नेणार. माझा स्वतःचा मी कधीच कुणाला तरी देऊन टाकला."

त्या दिवशी जुन्या कानशीचं पातं घडवलं. लाल करून तेलात बुडवलं, मग पुन्हा हलकं तापवलं. वाळक्या गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढला की चाचा मागून म्हणायचे, "बस. काढ." पुढच्या दिवशी मुठीसाठी गाईचं शिंग उकळत्या पाण्यात मऊ करून दाबलं. जळक्या केसांसारखा वास दोन दिवस माझ्या शर्टातून गेला नाही. चाचांनी अवजाराला हात लावला नाही. मी चुकायला लागलो की त्यांची बोटं हवेत हलायची, आणि मग ते हात काखेत दाबून धरायचे.

तिसरा दिवस पट्टीचा. या चाकूचा सगळा जीव पाठीवरच्या पोलादी पट्टीत असतो. पात्याच्या बुडाशी दाते, पट्टीला चौकोनी भोक. पातं उघडताना एकेक दाता त्यावरून कट-कट करत सरकतो आणि शेवटचा भोकात घट्ट बसतो. पट्टीला लावलेली कडी ओढल्याशिवाय पातं मिटत नाही.

"भोक कानशीने मोठं करायचं," चाचांनी बजावलं. "दोन घासे, की लावून बघ. पुन्हा दोन घासे. घाई नको."

दुपारी ते जोहरच्या नमाजाला गेले. दाता आत जाईना. उकाडा होता, मनगट दुखत होतं. मी दोनाऐवजी दहा-बारा घासे मारले. पुढच्या वेळी दाता सहज आत गेला. जरा जास्तच सहज. बोटाने हलवला तर किंचित खेळत होता.

मी ते कोणाला सांगितलं नाही. नवीन पट्टी म्हणजे पुन्हा कापणं, पुन्हा तापवणं, आणि माझ्याकडे दिवस उरले नव्हते. शिवाय कट-कट आवाज इतका सुरेख येत होता. चाचा परत आले, चाकू डाव्या हातात घेऊन उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पातं जरा हलवून पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाले, "चांगलंय." मला सुटल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी पितळी खिळे ठोकले, शिंगाला तेल लावलं, धार केली. कागद हवेत धरून कापला. चाचा पहिल्यांदाच हसले. मग त्यांनी चाकू डाव्या मुठीत धरला आणि पात्याची पाठ बाकाच्या कडेवर जोरात दाबली. पकड तपासायची त्यांची ती नेहमीची रीत.

दाता सटकला. पातं त्यांच्या बोटांवर मिटलं.

ते ओरडले नाहीत. "काढ," एवढंच म्हणाले. मी कडी ओढून पातं उघडलं. अर्बाब सालिमने डोक्यावरचा मसार सोडून त्यांच्या हाताला गुंडाळला आणि गाडी काढली. वाटेत तो एकदाच बोलला. "यल्ला, यल्ला," तेही समोरच्या ट्रकला.

दोन बोटं वळवणाऱ्या शिरा तुटल्या होत्या. संध्याकाळी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात मी त्यांच्याजवळ बसलो आणि सांगून टाकलं. नमाजाला गेला होतात तेव्हा मी भोक जास्त घासलं. मला कळलं होतं. मी बोललो नाही.

चाचांनी मान माझ्याकडे वळवली.

"किती?"

"अर्धा मिलिमीटर असेल."

"मला हाताला लागलेलं ते," ते म्हणाले. "पातं खेळत होतं. मला वाटलं, थरथर आता डाव्यातपण आली. म्हणून गप्प बसलो. रात्रभर तेच डोक्यात."

मी त्यांच्या हाताखालची उशी सरळ केली.

"सांगायचं होतंस रे. दोन तासांचं काम होतं." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तसेच पडून म्हणाले, "घरी फोन लाव. कसं झालं ते तूच सांग."

मी त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं, माझी चूकही. मग ती म्हणाली, "चांगला हात होता तो. आता जेवण मी भरवायचं ना?" आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात चाचा प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून विमानात बसले. मी त्याआधीच बसने परतलो होतो. निघताना सालिमने चाकू फडक्यात बांधून माझ्याकडे दिला. "हमीद म्हणतो, तू ने." असं काही आणणार असाल तर ते बसच्या पोटातल्या सामानात ठेवा, सोबत बाळगू नका. परतीच्या रस्त्यातलं मला काहीच आठवत नाही.

महिन्याने मी धीर करून रत्नागिरीला फोन केला. दोन बोटं वळत नाहीत, चाचा म्हणाले. वळणार नाहीत. मग त्यांनी विचारलं, "पट्टी बदललीस?"

"नाही."

"मग बदल. तोवर कुणाच्या हातात देऊ नको."

सलालाह कसं आहे, असं लोक विचारतात. मी त्यांना बसची वेळ सांगतो, शहाळी कुठे गोड मिळतात ते सांगतो. घरी बाल्कनीत मी खिळे काढून चाकू खोलला आहे. पहिली नवी पट्टी तापवताना वाकली. दुसरीचं भोक एका बाजूने जास्त घासलं गेलं, केसभर, दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. दोन्ही टाकून दिल्या, आणि दोन्ही वेळा चाचांना फोन करून सांगितलं.