कोपरा फाडलेलं कार्ड

शेवटचं म्हणाल तर मी आणि माझ्या बायकोनं मिळून लसणाची चटणी वाटली. मिक्सर नवा, सांगलीच्या दुकानातून नुकताच आणलेला. तिला विजेची भीती. ती दोन्ही हातांनी झाकण दाबून धरायची आणि बटण मी फिरवायचो. "लय फिरवू नगा, पीठ हुईल," म्हणाली. पीठच झालं. त्यावरून रात्री जेवताना बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि मलकापुरातनं कराडच्या दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली.

मिक्सर घेताना दुकानदाराने तिचं नाव-पत्ता लिहून घेतला होता. आपलं नाव कुणी लिहून घेतंय याचंच तिला कौतुक. कशाला घेतात ते मला तवा कळलं न्हाई.

दहाव्याला घर माणसांनी भरलेलं असताना तिच्या नावाचं पहिलं कार्ड आलं. छापील, रंगीत, वर सौ. लावलेलं. ताई, मिक्सर कसा चालतोय? पोस्टमनने पाव्हण्यांसमोर ते माझ्या हातात दिलं आणि मान खाली घालून गेला. महिन्याने दुसरं आलं. ताई, बऱ्याच दिवसांत तुम्ही दुकानात आला नाहीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. न्हाई आली. कुठनं येणार?

प्रत्येक कार्डाला उत्तराचं कार्ड जोडलेलं असायचं, तिकीट न लावता टाकायचं. त्यावर मी 'वारली' एवढंच लिहिलं आणि आपल्याकडं मयताच्या पत्राचा फाडतात तसा कोपरा फाडला. तसलं कार्ड हातात पडलं की माणूस वाचायच्या आधी खाली बसतो. शाळेचं तोंड न बघितलेल्यालासुद्धा ते कळतं. मला वाटलं, मिटलं.

तर कार्डं थांबायची सोडून आठ-आठ दिवसांनी यायला लागली. मी आणखी एक कोपरा फाडून पाठवला. मग आठवड्याला दोन यायला लागली. कुणीतरी मुद्दाम माझी चेष्टा करतंय असंच वाटायला लागलं.

शेवटी एसटीने सांगली गाठली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढं बाई, माझ्या लेकीच्या वयाची, शिराळ्याची. तिने पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. कार्डं माणूस पाठवत नाही. कुठल्या कार्डामागनं कुठलं जायचं, मधे किती दिवस सोडायचे, ते एकदाच मशीनमध्ये भरून ठेवलेलं असतं. गिऱ्हाईक गप्प असलं तर महिन्याचं अंतर. उत्तर आलं की त्याला काहीतरी घ्यायचंय असं धरायचं आणि अंतर कमी करायचं. माझी उत्तरं गेली होती.

मी विचारलं, कोपरा दिसला न्हाई का? शिराळ्यात मयताची पत्रं येत न्हाईत?

"येतात की, आजोबा. पण कार्ड बघतंय कोण? त्याच्यावरचा नंबर तेवढा मशीनमध्ये घालायचा."

नाव काढ म्हणालो. तर नाव काढणं पुण्याच्या मोठ्या हापिसाच्या हातात. तिला फक्त अंतर वाढवता येत होतं, फार तर आठ-नऊ महिन्यांचं. म्हणजे पुढचं कार्ड वर्षश्राद्धाच्या तोंडावर.

"पोरी, मेलेल्या माणसाला अंतर कसलं घालतीस?"

मालक उद्या येतील, एवढंच ती म्हणाली.

मी मुक्कामाला सांगलीतच लेकीकडं गेलो. ती म्हणाली, "आबा, कार्डच हाय न्हवं, चुलीत घालायचं." आमचा जावई तर हसला, तुमच्यावर दुकानाचं लय प्रेम हाय म्हणाला. मी ताटावरनं उठलो. त्या कार्डावर तिच्या आईचं नाव होतं, मिक्सरचं न्हवतं.

सकाळी शटर उघडायच्या आधीच दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. येईल त्या बाईला सांगायला लागलो, पाहिजे ती वस्तू घ्या, पण नाव देऊ नका. दोघी-तिघी तशाच परत फिरल्या. मग मालक बाहेर आला आणि हात धरून, आवं आत या, चहा घ्या म्हणायला लागला. मी हात सोडवून घेतला. आधी पुण्याला फोन लाव आणि तिचं नाव काढायला सांग, तवर मी इथंच बसतोय म्हणालो, आणि बसलो.