घासून लख्ख केलेली जाळी

टेबलावरचा छोटा पंखा फिरेना. सकाळपासून सर आणि नेहा मॅडम त्याच्यावर वाकले होते. मी कोपऱ्यात बाटल्या पुसत होते. पुसलेल्याच पुन्हा.

रत्नागिरीच्या एका कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी भांडी धुते. शिक्षण चौथी. पण रोज कानावर पडून थोडं कळतं. उंडीच्या बियांच्या तेलापासून बायोडिझेल केलं की चिकट ग्लिसरीन उरतं. मॅडम त्यातून एका डब्यात वीज काढत होत्या, त्या विजेवर तो पंखा फिरायचा. त्या डब्याला फ्युएल सेल म्हणतात. आत निकेलची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनमचा थर. तो कॅटॅलिस्ट. तो स्वतः संपत नाही, पण तो नसला तर वीजही नाही. एवढं मला माहीत होतं. तो थर काळा असतो, हे माहीत नव्हतं.

आदल्या दिवशी मॅडम घाईत होत्या. म्हणाल्या, "सुलभाताई, जाळी नुसती पाण्याखाली धरा आणि सेलमध्ये बसवून ठेवा." बघते तर जाळी चहाच्या जुन्या गाळणीसारखी काळी. तीन दिवसांनी मुंबईचे पाहुणे येणार, हे काम पुढे दोन वर्षं चालवायचं की नाही ते ठरवणार. त्यांच्यापुढे हे ठेवायचं? घरून आणलेली राख आणि नारळाचं सोडण घेऊन मी मनगट दुखेपर्यंत घासली. चांदीसारखी निघाली. वर स्वतःचं कौतुकही वाटलं.

आता त्यांनी ग्लिसरीन बदललं, वायरी बदलल्या. शेवटी मॅडम म्हणाल्या, "सर, माझंच काहीतरी चुकलंय. येऊ नका म्हणून कळवूया." सरांनी फोन उचलला.

पाच वर्षांत मी सरांशी आपणहून बोलले नव्हते.

"जाळी मी घासली," मी हातातल्या बाटलीला सांगितलं.

"काय?"

"राखेनं. सोडणानं."

सरांनी सेल उघडला. जाळीवर ट्यूबलाइट चमकत होती.

"ताई, हाताला जोर आहे तुमच्या," ते म्हणाले. मग एकदम, "सोडण कुठाय?"

"ठेवलंय. अजून चार भांडी निघतील त्यात."

"आणि राख?"

"करवंटीत आहे."

सरांनी फोन खाली ठेवला. सोडण जाळलं, सगळी राख ॲसिडात उकळून गाळली. त्या पिवळ्या पाण्यात उतरलेलं प्लॅटिनम परत जाळीवर चढवायला दुसरा दिवस गेला. हाती आलं तेवढ्यात अर्धी जाळी काळी झाली, अर्धी तशीच लख्ख.

पाहुण्यांसमोर पंखा फिरला, पण पाती मोजता येतील इतका हळू.

"अर्धीच काळी का?" एकांनी विचारलं.

सर शांतपणे म्हणाले, "वाया गेलेला कॅटॅलिस्ट परत मिळवता येतो, ते दाखवायला."

दोन वर्षांऐवजी एक मिळालं. मॅडमनी जाळी कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली.

आता लॅबमध्ये काळं काही दिसलं की मी आधी विचारते. बहुतेक वेळा ती घाणच निघते. मॅडम हसतात. हसू देत.