मेनू आमचा, किल्ली त्यांची

सौदीत राबिघच्या रिफायनरीजवळ आमचा कॅम्प होता. मेसमध्ये रोज चिकन. तेही असं, की डोळे मिटून खाल्लं तर दुधी वाटावा. एकदा कोकणातल्या पोरांनी ताटं पालथी घातली आणि कॅम्प बॉसने सुधारणा जाहीर केल्या. यापुढे मेनू कामगारांची कमिटी ठरवेल. खरेदी, गाडी, गॅस आणि कोठीची किल्ली मात्र त्याच्याकडेच.

मी इतिहासात बी.ए. करून साइटवर स्टोअरकीपर झालेला माणूस. इंग्रजांनी हेच केलं होतं. शिक्षण, आरोग्य अशी 'सोपीव' खाती आपल्या मंत्र्यांना दिली आणि पोलीस, तिजोरी ही 'राखीव' खाती स्वतःकडे ठेवली. नाव काय, तर द्विदल राज्यपद्धती! तिचे दोष मी परीक्षेत पानभर खरडले होते. तरी पोरांनी मला कमिटीवर निवडलं तेव्हा मी हुरळून गेलो. सगळे मला मिनिस्टर म्हणू लागले, आणि ते मला आवडतही होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवरचे काका गुहागरचे, पाइप फिटर. ते आता कायमचे घरी निघाले होते. "मिनिस्टर," ते म्हणाले, "समोर येवढा दर्या हाय, पन मेसमदी कदी मासा खाल्ला नाय. जायच्या आदी एकदा कालवन होऊ द्या."

मी शब्द दिला. फळ्यावर ठळक लिहिलं, 'शुक्रवारी हामूर माशाचं कालवण.' घरून आणलेली आमसुलंसुद्धा आचाऱ्याला नेऊन दिली.

शुक्रवारी पातेल्यावरचं झाकण काढलं, तर आत चिकन. आमसुलं घातलेलं!

तणतणत ऑफिसात गेलो. कॅम्प बॉस शांतपणे म्हणाला, "मेनू आपका, परचेस मेरा. गाडी खाली नहीं थी, भाई."

परत आलो तर सगळे माझ्यावरच तुटून पडले. बॉसविरुद्ध कोणी चकार शब्द काढेना. फळ्यावरचं अक्षर माझं होतं ना! इंग्रज किती बेरकी होते ते मला परीक्षेत नाही, त्या दिवशी कळलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राजीनामा जाहीर करायला उभा राहिलो, तेवढ्यात काकांनी त्या आंबट रश्श्यात भात कालवला, घास घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "मिनिस्टर, हामूर एकदम ताजा हाय हां! पोरांनो, काटे बघून खावा."

सगळी मेस हसली. मी खाली बसलो. मला हसता हसता रडू आलं. काका मात्र जेवण संपेपर्यंत नसलेला एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवत होते.